आईकडची बाजू

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. दोरीला लोखंडी वजन बांधून भिंत सरळ आहे की कललेली हे बघायचं गवंड्याचं साधन, तो ओळंबा. हा खरं तर सुतार. पण भावाभावांत, जावाजावांत, भागीदारांत बिनसलं की मधे लाकडी भिंत घालायला यालाच बोलवायचे, आणि हा ना इकडे झुकायचा ना तिकडे. त्याला हे नाव आवडायचं. बायकोला अजिबात नाही. "ओळंबा नुसता लोंबत असतो," ती म्हणायची. "भिंत बांधणारा वेगळाच."

त्याची पद्धत एका दमात सांगण्यासारखी होती. एकाने रेघ मारायची, दुसऱ्याने बाजू निवडायची. रेघ कोण मारणार ते नाणं उडवून ठरायचं. रेघ मारणाऱ्याला आपल्या वाट्याला कुठली बाजू येणार ते ठाऊक नसतं, त्यामुळे त्याला लबाडी करताच येत नाही, असं तो समजावून सांगायचा. भिंतीला किंवा जमिनीला जे पक्कं बसवलंय ते त्या बाजूबरोबर जाणार. जे उचलता येतं ते पाळीपाळीने एकेक उचलायचं. एकदा फळी ठोकली की तो उखडायला येणार नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, वाटणी करणाऱ्याने वाटणीतलं काही घ्यायचं नाही. ठरलेली मजुरी सोडली तर तो त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. पाण्याची बाटली घरून न्यायचा.

चाळीस वर्षांत त्याने किती घरं कापली याची गणती नव्हती. एका काका-पुतण्याचं केशकर्तनालय होतं. काकाने रेघ अशी मारली की आरसा एका बाजूला गेला आणि नळ दुसऱ्या. पुतण्याने नळ घेतला. तेव्हापासून काकाकडचं गिऱ्हाईक आरशात बघत कोरडी दाढी करून घ्यायचं आणि पुतण्याकडचं ओल्या गालाने, काय कापलं जातंय याचा अंदाज बांधत बसायचं. वर्षभरात दोघांचीही गिऱ्हाइकं पळाली. ओळंबा हा किस्सा आपल्या यशाचा म्हणून सांगायचा.

"भांडण मिटलं की नाही?" तो विचारायचा.

"मिटलं."

"मग?"



त्याला एकच बहीण, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. लग्न झालं तेव्हा त्याला बरोबर घेऊनच ती सासरी गेली. "पोरगा माझ्याबरोबर येणार, चालत असेल तर बोला," असं तिने ठरवतानाच सांगितलं होतं, आणि नवरा भला, तो हो म्हणाला. त्या घरात ओळंबा सात वर्षं राहिला. सुताराकडे कामाला जायचा आणि रात्री चुलीशेजारी आडवा व्हायचा. तेव्हा त्याला झोपायला किती फूट लागतात हे कोणी मोजलं नाही.

ताई आता ऐंशीला आली होती. नवरा कधीच गेलेला. दोन मुलगे, दोन सुना. थोरला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा, धाकटा टेम्पो चालवायचा. घर आगपेटीसारखं लांबट, छत्तीस फूट. एका टोकाचं दार रस्त्यावर, दुसऱ्या टोकाचं मागच्या गल्लीत. चार वर्षांपासून दोन्ही टोकांना दोन शेगड्या पेटत होत्या आणि मधे, खिडकीशी, ताईची खाट होती. दोन वर्षांपूर्वी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिला आधाराशिवाय उठता येत नव्हतं. ओळंब्याने तेव्हा खाटेचे पाय जमिनीत पक्के केले, खाट भिंतीला स्क्रूने आवळली आणि भिंतीत एक गोल दांडा बसवला. त्याला धरून ताई आपली आपण उठून बसायची आणि खिडकीतून बाजूचा रस्ता बघायची. शौचाचं भांडं मात्र सुनांना द्यावं लागायचं, आणि काढावंही.

हे भांडं कोणी काढायचं, यावरूनच सगळं धुमसत होतं. निमित्त वेगळंच झालं. थोरला अंघोळीला बसलेला असताना धाकटीने गिझर बंद केला. साबण लावलेला थोरला टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि त्याने धाकटीच्या सात पिढ्या काढल्या. धाकट्याने हातातला स्टीलचा मग फेकला. थोरल्याचा पुढचा दात हलला. पोलिसांत जायची भाषा झाली, दोघांच्याही तोंडी वकिलाचं नाव आलं. तेव्हा ताईने फोन लावून घेतला.

"बाळ, ये बाबा. तुझी ती दोरी घेऊन ये." अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ती बाळच म्हणायची. "एकदा काय तो सोक्षमोक्ष लाव. आणि मलाही बघ हं."

"म्हणजे?"

"खिडकी गेली तर गेली. पण दोघांतला एक तरी म्हणाला पाहिजे, की आई माझ्याकडे. एवढं तू बघ. तुझं ऐकतात ते."

ओळंबा म्हणाला, "बघतो." पण फोन ठेवल्यावर बायकोला म्हणाला, "ताईला वाटतंय मी तिच्या बाजूने येतोय."

"मग कोणाच्या बाजूने जाताय?"

"कोणाच्याच नाही."

"छान," बायको म्हणाली. "जरा आपल्या कपाटाच्या दारालाही वेळ काढा. तेही वर्षभर कोणाच्याच बाजूचं नाही."

रविवारी सकाळी सगळे घरात होते. थोरल्याचा ओठ सुजलेला. जावा दोन टोकांना, जमिनीला खिळल्यासारख्या. ताई दांड्याला धरून उठून बसली होती. केस विंचरून घेतले होते. भाऊ आला की दोन्ही पोरं गप्प बसतात, हे तिला माहीत होतं. तिचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा उजळला होता.

ओळंब्याने नाणं उडवलं. रेघ धाकट्याने मारायची ठरली, निवड थोरल्याची.

"एक मिनिट, मामा," धाकटी म्हणाली. "रेघेआधी एक विचारते. आई कशात धरायच्या?"



"कशात म्हणजे?" ओळंबा म्हणाला.

"म्हणजे पक्क्या सामानात की उचलायच्या सामानात? तुम्हीच म्हणता ना, सगळं आधी ठरवायचं. नंतर कटकट नको."

"वा जाऊबाई," थोरली म्हणाली, "उचलायच्यात धरू या की. उचलायची पहिली पाळी तुमची."

"माझी का? मान थोरलेपणाचा असतो."

"गप्प बसा दोघी," थोरला बोलला, पण दात दुखत असल्याने ते कोणाला नीट कळलं नाही.

ताई भावाकडे बघत होती. तो आता पेटीतला हातोडा काढून एखादीच्या डोक्यात घालेल असंच तिला वाटलं असावं. ओळंब्याने प्रश्नाचा नीट विचार केला. त्याच्या मते प्रश्न चुकीचा नव्हता. तो उठला, खाटेच्या पायाशी वाकला, स्क्रूवर अंगठा फिरवला.

"खाट पक्की आहे," तो म्हणाला. "मीच बसवलीय. ज्या बाजूला खाट, त्या बाजूला ताई."

"बाळ," ताई म्हणाली. एवढंच.

"ताई, नियम आहे. तुझ्या घरात एक आणि लोकांच्या घरात एक असं मी कसं करू?"

खाट रस्त्याकडच्या दारापासून मोजली तर वीस फुटांपुढे होती. धाकट्याने टेप घेतली, अठरा फुटांवर गुडघा टेकला आणि दोरी धरायला बायकोला हाक मारली. गेरू लावलेली दोरी दोघांनी ताणली. घराचे बरोबर दोन भाग. खाट मागच्या भागात. धाकट्याने मान वर करून बघितलं तर थोरली आनंदाने नवऱ्याला कोपर मारत होती. पुढचा भाग घ्या, पुढचा. तिचे ओठसुद्धा हलले.

"थांबा," धाकटी ओरडली. "दोरी ओढलेली नाही अजून. नुसती धरलीय."

"रेघ उमटेपर्यंत रेघ नाही," ओळंबा म्हणाला. हाही नियमच होता.

धाकट्याला गोम कळली. निम्मं-निम्मं केलं तर थोरला आईशिवायची बाजू उचलणार. म्हणून ती बाजू लहान करायला हवी. इतकी लहान, की थोरल्याला आईकडची बाजू बरी वाटली पाहिजे. तो एक फूट रस्त्याच्या दाराकडे सरकला. सतरा. थोरली अजून हसतच होती. सोळा. हसू राहिलं, पण दात दिसेनासे झाले. पंधराला तिने नवऱ्याकडे बघितलं. धाकटा टेपकडे बघतच नव्हता. जावेच्या तोंडाकडे बघत गुडघ्यावर सरकत होता आणि मागोमाग त्याची बायको दोरीचं दुसरं टोक धरून सरकत होती. चौदाला थोरलीचं कपाट रेघेबाहेर गेलं.

"हे काय चाललंय?" थोरला म्हणाला. "चौदा फुटांत मी माझा संसार मांडू?"

"नको मांडू," धाकटा म्हणाला. "बावीस फुटांत मांड. तेही मोकळंच आहे. घे ना."

"बावीस फूट आणि रोजचं भांडं," थोरली म्हणाली.

"मग चौदात खुश राहा."

"जास्तच लाडात आलीय तुझी दोरी," थोरला म्हणाला.

धाकटा आणखी एक फूट सरकला. तेरा. आता थोरली एकदा पुढच्या भागाकडे, एकदा मागच्याकडे, एकदा खाटेकडे बघू लागली. भाजीवाल्यासमोर दोन गड्ड्या हातात धरून जोखाव्यात तसं तिचं चाललं होतं. धाकटीने नवऱ्याला डोळ्याने खुणावलं. बस, इथेच. धाकट्याने दोरी ताणून धरली, बायकोने मधे चिमटीत उचलून सोडली. टप्प असा आवाज झाला आणि फरशीवर तांबडी रेघ उमटली.

"रेघ झाली," ओळंबा म्हणाला. "थोरल्या, निवड."

नवराबायको कोपऱ्यात गेले. त्यांची कुजबुज सगळ्यांना ऐकू येत होती. तो म्हणत होता, तेवीस फूट आहेत, विचार कर. ती म्हणत होती, करणार कोण, तू? तो म्हणाला, अशी किती वर्षं राहिलीत आता? ती म्हणाली, तुझी आजी सत्त्याण्णवला गेली.

थोरला परत आला.

"पुढची," तो म्हणाला.

धाकटीने हातातली दोरी फेकली. तिची खात्रीच होती की तेरा फूट कोणी घेणार नाही. "मेली जिंकली," ती पुटपुटली. थोरलीचंही तोंड उतरलं होतं. तेरा फुटांत दोन माणसं आणि कॉलेजातली मुलगी मावायची होती. आपण जिंकलो असं एकालाही वाटत नव्हतं, आणि हेच खऱ्या वाटणीचं लक्षण, असं ओळंबा नेहमी सांगायचा.

तेवढ्यात ताई हसली.

"निम्म्यापेक्षा किती सरकली रे?"

"पाच फूट," ओळंबा म्हणाला.

"बरोबर मापलंय. माझी उंचीच तेवढी." ती दोन्ही मुलांकडे बघून म्हणाली, "सोळाला असताना तरी कोणी हो म्हणायचं. माझी काही इज्जत राहिली असती."

 धाकटा फरशीवर सांडलेला गेरू पायाने पुसत राहिला.

मुलं, सुना उठून गेल्यावर ताईने भावाला जवळ बोलावलं. तो पेटीतून पेन्सिल शोधत होता, शोधतच आला.

"बाळ, मला तुझ्याकडे ने. मागच्या खोलीत टाक. मी वहिनीला त्रास देणार नाही."

"ताई, मी हे आत्ता कसं करू? लोक म्हणतील, याने वाटणी मोडली."

"कुठले लोक?"

"सगळेच. हे घर तुझं, मी तुझा भाऊ. याच घरात मी वाकडा वागलो तर बाहेर माझं कोण ऐकणार? आणि आता उलट चांगलंच झालं. तुला मोठी बाजू मिळाली. खिडकी मिळाली."

ताईने खिडकीकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "फळ्या कुठल्या घालणार?"

"साध्या. वरून रंग देईन."

"दे," ती म्हणाली.

भिंत दोन दिवसांत उभी राहिली. सुंदर काम होतं, फटीतून कागदसुद्धा गेला नसता. ओळंब्याने तिथे पाणीही घेतलं नाही.

पहिला महिनाभर धाकटी भांडं काढताना मोठ्याने मोजायची. आज तीनदा. आज चारदा. ते फळीपलीकडे ऐकू जावं म्हणून. पलीकडून थोरली रेडिओ मोठा करायची. मग धाकट्याने तेवीस फूट मिळाले म्हणून टेम्पोतला माल घरात उतरवायला सुरुवात केली. टाइल्सची खोकी होती. ती भिंतीला लावून रचावी लागतात, आणि मोकळी भिंत खिडकीचीच. खोकी आधी खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आली, मग निम्म्यापर्यंत. ताईला रस्त्यावरच्या माणसांची फक्त डोकी दिसू लागली. पुढे तीही दिसेनाशी झाली.  घरात दिवसा दिवा लावावा लागतो म्हणून तक्रार केली ती धाकटीने.

आणि मग एक अजब झालं. दोघे भाऊ बोलू लागले. फळी मधे आल्यामुळे गिझर, शेगडी, चपला, कशावरूनच भांडायला उरलं नव्हतं. आधी थोरल्याने धाकट्याच्या पोराला खोकल्याचं औषध आणून दिलं. मग धाकट्याने थोरल्याच्या मुलीला टेम्पोने परीक्षेला सोडलं. जावा गल्लीत बाजूबाजूला बसून भाजी निवडू लागल्या. लोक म्हणाले, बघा, ओळंब्याचा हात लागला की असं होतं. ओळंबाही हा किस्सा सांगू लागला, पुतण्याच्या नळानंतर लगेच.

दोघे भाऊ एका गोष्टीवर तर लगेच एकमताचे झाले. सहाव्या महिन्यात, एका सकाळी ओळंब्याच्या दारात टेम्पो येऊन थांबला. पुढे धाकटा आणि थोरला शेजारीशेजारी. मागे, टाइल्सच्या रिकाम्या खोक्यांमध्ये गादी घालून ताईला बसवलेलं. हातात कपड्यांची पिशवी. टेम्पो वळताना धरायला म्हणून ती एका खोक्याला कवटाळून बसली होती.

"मामा," थोरला म्हणाला, "आम्ही दोघांनी शांतपणे विचार केला. आईचं माझ्याकडे जमत नाही, याच्याकडेही जमत नाही. आणि तुम्ही कसे, कोणाच्याच बाजूचे नाही. तिलाही तुमच्याकडेच बरं वाटेल."

"तिनेच तुमचं नाव घेतलं होतं," धाकटा म्हणाला. "त्या दिवशी. आम्ही ऐकलं होतं."

ओळंब्याची बायको दारात आली. तिने टेम्पोत बघितलं आणि एक क्षण डोळे मिटले. मग म्हणाली, "त्यांना उतरवा आधी. उन्हात बसवलंय म्हाताऱ्या माणसाला. मी मागची खोली झाडून घेते." ती आत वळली.

"थांब," ओळंबा म्हणाला.

ती थांबली.

"वाटणी करणाऱ्याने वाटणीतलं घ्यायचं नसतं," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता, घराघरांत बोलायचा तसा. "आज मी ताईला घेतलं, तर उद्या ज्या ज्या घरात मी फळी ठोकलीय, तिथलं म्हातारं माणूस टेम्पोत घालून इथे येईल. ताई धाकट्याच्या बाजूला आहे. पक्की आहे. बदल होणार नाही."

"अहो, ती तुमची बहीण आहे."

"म्हणूनच."

"चुलीशेजारी झोपलात तुम्ही तिच्या. सात वर्षं."

"तेव्हा वाटणी झाली नव्हती."

 चाळीस वर्षं त्याला टोमणे मारत आलेली बायको आज सरळ टेम्पोजवळ गेली, हात वर केला आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही उतरा. यांचं ऐकू नका. मी सांगते."

ताईने तो हात धरला, दाबला आणि सोडला.

"नको गं," ती म्हणाली. "तुमच्यात भांडण लागेल. मग ते मिटवायला हाच येईल." ती मुलांकडे वळली. "चल रे, वळव. ऊन लागतंय."

धाकट्याने रागाने गिअर टाकला. थोरला जाताना म्हणाला, "मामा, हे बरं नाही केलंत. आमच्यात पुन्हा वितुष्ट येईल." ओळंबा म्हणाला, "आलं तर सांगा."

त्या दिवसापासून बायको त्याच्याशी कामापुरतं बोलायची. जेवण वाढायची, पाण्याची बाटली भरायची. दुपारी कधी न सांगता ताईकडे जाऊन यायची, भांडं काढून यायची, केस विंचरून यायची. तिथलं काही ती सांगायची नाही, आणि तोही विचारायचा नाही.

पण एक दिवस ती म्हणाली, "त्या आता उठून बसत नाहीत." तिला अजूनही काही सांगायचं होतं बहुतेक, पण ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ओळंब्याने काम बंद ठेवलं. एक चांगली पाठ टेकायची फळी तासून घेतली, उशाशी लावायला. कडा हाताला लागू नयेत म्हणून दोनदा पॉलिश कागद मारला. फळी काखेत, पेटी हातात, असा तो मागच्या गल्लीतून धाकट्याच्या दारात गेला. दार धाकटीने उघडलं. आतलं काहीच दिसत नव्हतं. दारापासून खाटेपर्यंत खोकीच खोकी.

"कोण आहे?" खोक्यांमागून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"मामा आलेत."

 ओळंब्याने चपला काढल्या.

"त्याला सांग," ताई म्हणाली, "आमच्यात भांडण नाही. झालं की बोलावू."

एक पाय आत टाकलेला, एक बाहेर, असा ओळंबा उभा राहिला. फळी काखेतून घसरत होती, ती त्याने सावरली.

"ताई, मी फळी आणलीय. पाठीला."

"त्याला विचार, कुठल्या बाजूला लावणार."

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. तिला आत बोलवायचंही नव्हतं आणि हाकलायचंही नव्हतं. शेगडीवर काही करपत होतं.

"ऐकलंत ना, मामा?" ती म्हणाली. "फळी ठेवायची असेल तर ठेवून जा. खोक्यांखाली घालायला होईल."